पणजोबा खरंच बडोद्याचे अमात्य होते का? जुनी वही सापडलीय, मदत हवी

सुरसागरकाठ:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सॉरी. आमचं दांडिया बाजारातलं जुनं घर आता पाडायला जाणार आहे म्हणून गेले तीन रविवार मी आणि चुलतभाऊ माळा रिकामा करतोय. तांब्याची घंगाळी, मोडका पाळणा, उंदरांनी खाल्लेली पंचांगं असलं सगळं निघालं आणि सगळ्यात मागे एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात लाल फडक्यात बांधलेलं बाड. बाडात पणजोबांची घरखर्चाची वही (अर्धी मोडीत, अर्धी बाळबोध) आणि एक इंग्रजी कागद, त्यावर १९०५ साल आहे आणि मध्येच अमात्य हा शब्द इंग्रजी अक्षरांत. बाकीची शाई उडालीय.

आता मुद्दा असा की आमच्या घरात पहिल्यापासून सांगतात की पणजोबा गायकवाड सरकारात अमात्य म्हणजे आजच्या भाषेत फायनान्स मिनिस्टर होते. माझ्या मुंजीत हे सांगून झालंय, बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत सांगून झालंय, आत्या तर अजून भाजीवाल्याला पण सांगते. पण वही बघितली आणि मला शंका यायला लागली. पहिल्या पानांवर (१८९९-१९००) दर महिन्याला जमेकडे "पगार रु. २०" आहे, आणि १९०१ च्या पुढे एकदम पंधरा रुपये आणि वर काही आणे. म्हणजे पगार कापला? काही शिक्षा वगैरे झाली होती का? आणि दर वर्षी ३१ जुलैला एक जाडजूड रेघ मारलीय, त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज "रात्री टांगा, २ आणे". बाकी वर्षभर टांगा नाही, माणूस चालतच जात असणार. दिवाळीला वही बदलतात हे माहितीये, जुलैला काय असतं?

कुणाला बडोदा स्टेटच्या हिशेबखात्याची, त्या काळच्या फायनान्सवाल्या अधिकाऱ्यांची माहिती असेल तर प्लीज सांगा. अमात्य खरंच होते का, एवढं तरी.

कोठीचा_जिना:

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. वीस रुपयांत अमात्य मिळत नव्हता हो :)

अमात्य हे बडोदे राज्यात महसूलमंत्र्याच्या हुद्द्याचं नाव होतं. शब्द शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानातला, तिथे अमात्य म्हणजे मुजुमदार, जमाखर्च बघणारा. तुमच्या कागदावर १९०५ आहे ना, तर ऑगस्ट १९०४ ते जुलै १९०७ त्या खुर्चीवर रमेशचंद्र दत्त बसत होते, कलकत्त्याचे. हो, तेच, ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान कसा कंगाल झाला त्याचा आर्थिक इतिहास दोन खंडांत लिहिणारे. तेव्हा तुमचे पणजोबा अमात्यांच्या कचेरीत कारकून किंवा हिशेबनीस असणार आणि त्या कागदावर अमात्य शब्दाच्या शेजारी "ऑफिस" असणार, उन्हात धरून बघा एकदा.

मला विचाराल तर पणजोबा स्वतः अमात्य असते त्यापेक्षा ही गोष्ट भारी आहे, कारण हा दत्त माणूस साधा नव्हता. १८४८ चा जन्म. १८६८ ला घरात न सांगता रात्रीच्या रात्री निघून विलायतेची बोट पकडली, सोबत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि बिहारीलाल गुप्ता. तिघंही आयसीएस झाले, दत्त परीक्षेत तिसरे आले. १८७१ पासून बंगालात नोकरी, १८७६ च्या चक्रीवादळानंतर बाकरगंजकडे बुडालेल्या गावांत काम केलं, आणि पुढे डिव्हिजनल कमिशनर झाले, तिथपर्यंत पोचलेला हा पहिला हिंदुस्थानी माणूस. आता पुढे काय, पेन्शनीपर्यंत खुर्ची गरम करायची, तर १८९७ ला एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी सोडली आणि लंडनला जाऊन शिकवायला लागले, रामायण-महाभारत इंग्रजी पद्यात आणलं, १८९९ ला लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

आणि मग १९०० साली लॉर्ड कर्झनला जाहीर पत्रं लिहिली. एकामागून एक. म्हणणं थोडक्यात असं की दुष्काळ पावसाअभावी पडतो पण माणसं मरतात ती शेतसाऱ्याने, कारण कुणब्याच्या घरात वाईट वर्षासाठी काही उरतच नाही. मागणी अगदी कारकुनी होती, भावनेची भाषा नाही: रयतवारी मुलखात (जिथे कुणबी थेट सरकारला सारा भरतो) खर्च वजा जाता जे उरतं त्याच्या निम्म्यावर सारा जाऊ नये, आणि एकूण पिकाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर तर नाहीच. कर्झनला इतकं झोंबलं की जानेवारी १९०२ मध्ये सरकारने उत्तरादाखल अख्खा ठराव काढला, आमचा सारा जास्त नाहीच म्हणून.

आता गंमत बघा. जो माणूस चार वर्षं ओरडून सांगत होता की सारा कमी करा, त्यालाच सयाजीराव म्हणाले या, आमच्याकडे सारा वसूल करायला बसा. आणि तो आला! ती वेळ पण कशी, छप्पनियो दुष्काळ (संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा) नुकता होऊन गेलेला, राज्याची लोकसंख्या १८९१ ला चोवीस लाखांच्या वर होती ती १९०१ ला साडेएकोणीस लाखांवर आलेली. म्हणजे गावंच्या गावं अर्धी रिकामी, आणि वहीत साऱ्याचा आकडा मात्र जुनाच. तुमचे पणजोबा जे आकडे उतरवत होते ना रात्री दिव्याखाली, ते हे होते.

नाणेवाला_मांडवी:

वा काय वही सापडलीय, रद्दीत घालू नका प्लीज.

पगाराचं सांगतो. शिक्षा बिक्षा काही नाही, पणजोबांना आधी बाबाशाही मिळत होते आणि मग कलदार. बडोद्याचा स्वतःचा रुपया होता बाबाशाही, हाताने घण मारून पाडलेला, दोन नाणी सारखी दिसतील तर शपथ. कलदार म्हणजे इंग्रजांचा, कलेने म्हणजे मशीनने पाडलेला, काठाला दाते वगैरे. १८९३ ला इंग्रजांनी आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे आधी कुणीही चांदी घेऊन जायचा आणि रुपये पाडून आणायचा ते बंद. त्यामुळे झालं काय की कलदारची किंमत चांदीपासून सुटली आणि वर राहिली (१८९९ ला तर पंधरा रुपयाला एक सोन्याचा पौंड असं कायद्यानेच बांधून टाकलं), आणि बाबाशाही बिचारा नुसत्या चांदीच्या भावाने खाली खाली. बाजारात रोज बट्टा (एक रुपया देऊन दुसरा घेताना बसणारी तूट) वेगळा, व्यापारी वैतागले, सराफांची मात्र चंगळ. शेवटी १९०१ ला राज्याने बाबाशाही मोडीत काढला आणि कलदार घेतला. तेव्हा सगळ्यांचेच पगार आकड्यात उतरले, हातात पडणारी किंमत साधारण तीच.

त्या वर्षीच्या पानांवर "बट्टा" असा शब्द दिसतो का बघा. आणि ट्रंकेच्या तळाला चुकून एखादा वेडावाकडा जाड रुपया असेल तर घासू नका, चिंच तर अजिबात लावू नका, हात जोडतो.

सुरसागरकाठ:

बाप रे, मनापासून थँक्यू दोघांना. बट्टा शब्द आहे!! तीन ठिकाणी. मी तो "बट्टा लागला" या अर्थाने वाचत होतो आणि म्हणूनच शिक्षेची शंका आली होती :D

कागद उन्हात धरला. ऑफिस आहे. आत्याला अजून सांगितलं नाहीये.

पण मग एक विचारतो, दत्तांनी प्रत्यक्षात सारा कमी केला का? की खुर्चीत बसल्यावर सगळे सारखेच?

चरोतरचा_पाटील:

हाच प्रश्न मला पण होता. आमची जमीन पूर्वी गायकवाडीत, आमच्याकडे जुन्या लोकांना असं काही स्वस्ताई आल्याचं आठवत नव्हतं. पुस्तकात लिहिणं सोपं असतं राव. राज्याचं मुख्य उत्पन्न शेतसाराच, त्यात सयाजीरावांना शाळा हव्या, लायब्ररी हव्या, रेल्वे हवी, १९०६ ला तर सक्तीचं मोफत शिक्षण सगळ्या राज्यात लागू केलं, ते पैसे काय आभाळातून पडले? कुणाच्या तरी खळ्यावरूनच गेले ना. दत्तसाहेब भले माणूस असतील, पण वहिवाटदार (तालुक्याचा वसुली अधिकारी) गावात आला की गावाला दत्त दिसत नव्हते, वहिवाटदार दिसत होता.

कोठीचा_जिना:

पाटील, तुमचं अर्धं मान्य. वहिवाटदाराबद्दल तर पूर्ण मान्य, आमचे एक खापरपणजोबा वहिवाटदारच होते आणि त्यांच्याबद्दल घरातसुद्धा कुणी चांगलं बोलत नाही.

पण नुसत्या साऱ्यावर बघू नका. बडोद्यात तेव्हा वेरे म्हणजे कर किती होते माहितीये का, धंद्यावर वेरा, जातीवर वेरा, सुताराचा वेगळा, घाणीवाल्याचा वेगळा, या महालात (तालुक्यात) एक आणि शेजारच्या महालात दुसराच, कुठल्या बाबतीत का लागतो ते घेणाऱ्यालाही सांगता येत नसे. दत्तांच्या काळात यातलं बरंचसं झाडून काढलं आणि त्याच्या जागी सगळीकडे एकसारखा इन्कम टॅक्स आणला, मालाच्या आवकजावकीवरच्या जकाती बऱ्याच उठवल्या, आणि काही भागांत साऱ्याचे दरही उतरवले. शिवाय मॅजिस्ट्रेटचं काम आणि वसुलीचं काम एकाच माणसाकडे नको हे काँग्रेसवाले इंग्रजांकडे वर्षानुवर्षं मागत होते, ते बडोद्यात करून दाखवलं. एकच माणूस सारा मागणार आणि न दिला तर तोच शिक्षा सुनावणार, हे बंद. तालुका आणि जिल्ह्याच्या बोर्डांत निवडून आलेले लोक बसायला लागले ते पण याच सुमाराला.

आणि मला त्यांची आवडलेली गोष्ट म्हणजे राज्याचे वार्षिक अहवाल त्यांनी स्वतः लिहिले. कर्झनशी भांडताना ज्याने पार्लमेंटच्या निळ्या पुस्तकांतले (म्हणजे सरकारी अहवालांतले) आकडे काढून काढून तोंडावर मारले, त्याला माहीत होतं की उद्या आपलेही आकडे कुणीतरी काढणार.

अजून एक, दादाभाई नौरोजी पण बडोद्याचे दिवाण म्हणजे मुख्य प्रधान होते, १८७४ ला मल्हारराव महाराजांकडे, वर्षभरातच वैतागून सोडलं. म्हणजे हिंदुस्थानातला पैसा बाहेर वाहून जातो असं मांडणारी जी दोन मोठी नावं, ती दोघंही याच गावात कचेरी करून गेली, आणि आपल्याला बडोदा म्हटलं की सेव उसळ आणि लीलो चेवडो आठवतो.

राजवाडा_चौक:

इंदूरहून लिहितोय, जरा वेगळं आहे पण राहवलं नाही. आमच्याकडे उलटा प्रकार, होळकरांनी इंग्रजांना कर्ज दिलं! दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोट रुपये, साडेचार टक्क्यांनी, मुदत १०१ वर्षं. १०१!! आमच्या आजोबांच्या काळी सराफ्यात म्हणायचे की व्याज मोजणारा जन्माला यायचाय. चालू द्या तुमचं.

हिशेब_चुकला:

मी धंद्याने सीए, अलकापुरीत ऑफिस, त्यामुळे इन्कम टॅक्स शब्द दिसला की हात थांबत नाही.

दत्तांनी वेऱ्यांऐवजी इन्कम टॅक्स आणला हे वाचायला गोड वाटतं, पण या देशात हा टॅक्स पहिल्यांदा आला तो १८६० ला, सत्तावनच्या लढाईचं कर्ज फेडायला. आणणारा जेम्स विल्सन, स्कॉटलंडचा, टोप्या बनवणाऱ्याचा धंदा करून वर आलेला माणूस, व्हाईसरॉयच्या कौन्सिलातला पहिला फायनान्स मेंबर. वर्षाला दोनशे ते पाचशे उत्पन्नावर दोन टक्के आणि पाचशेच्या वर चार टक्के. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याच्याविरुद्ध इतका पेटला की आपलं विरोधाचं टिपण त्याने सरळ छापायलाच दिलं, तर त्याची उचलबांगडी झाली. आणि मजा म्हणजे दोन-तीन वर्षांत तोच ट्रेव्हेलियन फायनान्स मेंबर होऊन कलकत्त्याला परत! विल्सन बिचारा नोव्हेंबर १८५९ ला आला, जुलै १८६० ला कायदा पास झाला आणि ऑगस्टच्या ११ तारखेला हगवणीने गेला. कलकत्त्यातच पुरलाय. टॅक्स मात्र अजून जिवंत आहे, ३१ जुलैला माझ्या ऑफिसात येऊन बघा.

अरे हो, ३१ जुलै! मूळ प्रश्नातलं हे कुणीच सांगितलं नाही. बडोदा स्टेटचं हिशेबी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपायचं. इंग्रजी मुलखात १८६७ पासून एप्रिल ते मार्च, बडोद्यात मात्र ऑगस्ट ते जुलै, म्हणजे मान्सून अर्धा बघून झाल्यावर बजेट, मला तर हे जास्त शहाणपणाचं वाटतं. तर पणजोबांचा टांगा म्हणजे इयर एंडिंग. आठवडाभर सगळ्या प्रांतांचे आकडे कोठीत म्हणजे मुख्य कचेरीत येणार, कडीचा ताळा लागला तर अमरेलीचा लागत नाही, अमरेलीचा लागला तर नवसारीचे कागदच आलेले नाहीत, वर धो धो पाऊस, विश्वामित्री फुगलेली, रात्री अकराला दोन आण्यांचा टांगा. साहेब, वीस रुपये पगारात रोज दोन आणे म्हणजे थोडे नव्हेत. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की आम्हाला पोर्टल हँग होतं.

सुरसागरकाठ:

सीए साहेब, हे वाचून मी ट्रंकेसमोर बसून एकटाच हसलो. आता ती जाड रेघ बघितली की त्यात सुटकेचा श्वास दिसतो, अगदी खालपर्यंत ओढलीय आणि शेवटी टाक कागदात रुतलाय.

आत्याला सांगितलं काल. फोनवर आधी पूर्ण शांतता. मग म्हणाली, "तुमच्या इंटरनेटवरच्या लोकांना काय माहीत, माझ्या आजीने मला सांगितलंय." मी म्हटलं अगं पगार बघ ना, वीस रुपये. तर म्हणते, "स्वस्ताई होती." पुढे काय बोलणार. दत्तांचं नाव सांगितलं तर म्हणे ते बंगाली असतील तर आपल्या घरी मासे कसे नाही शिकले कुणी. चुलतभावाने तर वाद घालायलाच ना पाडली, म्हणे राहू दे तिला, ऐंशी वर्षं सांगतेय.

बरं आता शेवटचं. वहीत १९०९ च्या शेवटी एक पान आहे, तारखांचे आकडे मला कळतात, डिसेंबरची पहिली तारीख वाटते, तिथे मोडीत दोनच ओळी आहेत पण पहिली ओळ जरा मोठ्या अक्षरात आणि भोवती चौकट. अशी चौकट अख्ख्या वहीत दुसरीकडे नाही. फोटो टाकलाय, कुणी वाचेल का?

चौकट नसती तर विचारलं नसतं, घरात कुणी गेलं होतं का असं वाटलं.

मोडी_शिकतेय:

मी दोन वर्षांपासून मोडी शिकतेय, पक्की नाही अजून, पण तुमच्या पणजोबांचं अक्षर देवासारखं आहे, कचेरीत घोटून घोटून झालेलं, शब्द न तोडता सरळ रेघेला लटकवत गेलेत. आमच्या सरांनाही दाखवला फोटो, म्हणजे मी एकटीच सांगत नाहीये.

पहिली ओळ: "काल दिवाणसाहेब वारले."

कोठीचा_जिना:

जुळतंय. दत्त १९०७ ला बडोदं सोडून विकेंद्रीकरणाच्या रॉयल कमिशनवर गेले (म्हणून कुणी बँक ऑफ बडोदा त्यांनी काढली म्हणालं तर विश्वास ठेवू नका, ती जुलै १९०८ ची, तेव्हा ते इथे नव्हतेच). मग जून १९०९ ला परत आले ते अमात्य म्हणून नाही, दिवाण म्हणून. सहा महिने पण नाही मिळाले. ३० नोव्हेंबर १९०९ ला इथेच बडोद्यात गेले, एकसष्टाव्या वर्षी.

सुरसागरकाठ, तुमच्या पणजोबांनी तीन वर्षं त्यांच्या कचेरीत काम केलं होतं हो. चौकट उगाच नाही काढली.

सुरसागरकाठ:

अंगावर काटा आला.

ताई, दुसरी ओळ काय आहे? तिच्यापुढे आकडा दिसतोय.

मोडी_शिकतेय:

दुसरी ओळ खर्चाचीच आहे. "टांगा, २ आणे."